वंशभेदविरोधी धोरणाचा मसुदा कसा तपासावा: राजकीय मत सुरक्षित ठेवणाऱ्या हरकती-सूचना लिहिण्याची पद्धत

सरकार वंशभेदाविरुद्ध धोरण आणते तेव्हा मसुद्यामागचा हेतू बहुतेकदा चांगला असतो, आणि तरीही त्यात एखादा सैल शब्द राहून जातो. पुढे त्याच शब्दावर बोट ठेवून कुणीतरी तक्रार करते. मोर्च्यात फलक धरणारी विद्यार्थिनी, परराष्ट्र धोरणावर टीका करणारा सरकारी डॉक्टर किंवा ‘पोलीस वंश पाहून झडती घेतात’ असे जाहीरपणे सांगणारी संघटना चौकशीत अडकते. चौकशीतून काही निष्पन्न होत नाही. पण तोवर कित्येक महिने गेलेले असतात, अनुदान अडकलेले असते आणि आजूबाजूच्या लोकांनी तोंड बंद ठेवण्याचा धडा घेतलेला असतो.

हे टाळण्यासाठी धोरण बोथट करावे लागत नाही. कोणती कृती थांबवायची ते नेमके लिहिले आणि राजकीय मताचे संरक्षण बंधनकारक कलमांत घातले, तर दोन्ही गोष्टी साधतात. खालची पद्धत मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि त्यावर हरकती-सूचना पाठवणाऱ्या नागरिकांना सारखीच उपयोगी आहे.

सगळे कागद आधी गोळा करा

धोरण म्हणजे एकच दस्तऐवज असे क्वचितच असते. मुख्य धोरण, व्याख्यांचे परिशिष्ट, अंमलबजावणीच्या मार्गदर्शक सूचना, कर्मचाऱ्यांची आचारसंहिता आणि अनुदानाच्या करारातल्या अटी, असे किमान पाच कागद असतात. मुख्य धोरणात ‘टीकेचा अधिकार अबाधित राहील’ असे छान वाक्य असते. अनुदानाच्या करारात मात्र ‘संस्था किंवा तिचे कर्मचारी या धोरणाच्या आशयाशी विसंगत वक्तव्य करणार नाहीत’ अशी अट असते, आणि प्रत्यक्षात माणूस अडकतो तो या अटीत. लोक मुख्य धोरणावर वीस पाने लिहितात आणि कराराचा नमुना मागवतच नाहीत.

प्रत्येक कागदासाठी पाच गोष्टी एका पानावर मांडा: तो कायदा आहे, नियम आहे की नुसती सूचना, कुणाला लागू होतो, मोडला तर काय होते, निर्णय कोण घेते, आणि अपील कुठे करायचे. यातला कोणताही रकाना रिकामा राहिला तर तीच तुमची पहिली हरकत.

या तक्त्याचा कायदेशीर उपयोगही आहे. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १९ (३) नुसार अभिव्यक्तीवरचे कोणतेही बंधन तीन कसोट्यांना उतरावे लागते. ते कायद्याने घातलेले असावे. त्याचे उद्दिष्ट करारात दिलेल्या कारणांपैकी असावे, उदाहरणार्थ इतरांचे हक्क किंवा सार्वजनिक सुव्यवस्था. आणि ते आवश्यक व प्रमाणशीर असावे. जो कागद स्वतःला ‘मार्गदर्शक सूचना’ म्हणवतो आणि त्याच्याच आधारावर नोकरीवरून निलंबन होते, तो पहिल्याच कसोटीला अडतो.

व्याख्या: सर्वाधिक वेळ इथे द्या

वंशभेदाची सर्वमान्य व्याख्या आधीच तयार आहे. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाचे उच्चाटन करणारा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला आणि तो १९६९ मध्ये अमलात आला. त्याच्या पहिल्या कलमात पाच आधार आहेत: वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय मूळ आणि वांशिक मूळ. ‘कूळ’ या आधारात जातही येते, हे त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले. मसुद्यातून कूळ गाळले असेल तर ते घालण्याची सूचना जरूर करा. अशी गळती अनवधानाने होते आणि तिची किंमत फार मोठ्या लोकसंख्येला मोजावी लागते.

या व्याख्येचे बळ असे की ती माणसाच्या हक्कांवर होणाऱ्या परिणामाशी बांधलेली आहे. भेद, वगळणूक, निर्बंध किंवा झुकते माप यांमुळे कुणाचे समान हक्क हिरावले जातात का, हा तिचा प्रश्न. कुणाचे मत काय आहे, हा तिचा प्रश्न नाही.

आता मसुद्याची व्याख्या शेजारी ठेवून वाचा. पहिली तपासणी: संरक्षण कुणाला दिले आहे? उत्तर ‘व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट’ एवढेच असले पाहिजे. देश, सरकार, पक्ष, सैन्य, विचारप्रणाली, धर्ममत, राष्ट्रीय प्रतीक किंवा ऐतिहासिक पुरुष यांपैकी काहीही संरक्षितांच्या यादीत शिरले असेल तर ते काढण्याची मागणी करा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ च्या ३४ व्या सर्वसाधारण टिप्पणीत म्हटले आहे की राष्ट्रप्रमुखांसकट सगळे सार्वजनिक पदाधिकारी टीकेला पात्र आहेत, आणि ऐतिहासिक घटनांविषयीच्या मताला शिक्षा करणारे कायदे कराराशी सुसंगत नाहीत.

दुसरी तपासणी परिणाम सांगणाऱ्या शब्दांची. भावना दुखावणे, अपमान, अस्वस्थता, सलोखा बिघडणे, विभाजनकारी, प्रतिमा मलिन करणे, आक्षेपार्ह हे शब्द दिसतील तिथे खूण करा. यांची मोजपट्टी ऐकणाऱ्याच्या मनात असते. त्यामुळे बोलणाऱ्याला आधी कळतच नाही की रेषा कुठे आहे, आणि सावध माणूस रेषेच्या फार अलीकडेच थांबतो. निरनिराळ्या देशांतल्या न्यायालयांनी आणि कायदेमंडळांनी हे शब्द काढून टाकले आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये व्हॉटकॉट खटल्यात सस्कॅचवान प्रांताच्या मानवाधिकार संहितेतील द्वेषाबद्दलची तरतूद कायम ठेवली. पण खिल्ली उडवणे, कमी लेखणे, प्रतिष्ठेला धक्का लावणे या अर्थाचे शब्द तिच्यातून छाटले. ब्रिटनच्या संसदेने १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याच्या कलम ५ मधून ‘अपमानकारक’ हा शब्द २०१३ च्या दुरुस्तीने वगळला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेशांना शिक्षा देणारे कलम ६६ए रद्द केले, तेव्हा चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आणि बंधन चिथावणीच्या पायरीवरच येऊ शकते असे म्हटले. हरकतीत यांपैकी तुमच्या देशाच्या कायदेपद्धतीला जवळचा एक दाखला पुरे. चार दाखले दिले की वाचणारा अधिकारी चारही ओलांडून पुढे जातो.

एक कलम जवळून पाहू. मसुद्यात असे लिहिले आहे समजा:

‘कोणत्याही वांशिक गटाच्या भावना दुखावणारे किंवा सामाजिक सलोख्यास बाधा आणणारे वक्तव्य वंशभेदी मानले जाईल.’

यात हेतूचा उल्लेख नाही. नुकसान कुणाचे आणि कोणते हे नाही. ‘सलोखा’ म्हणजे काय हे सांगितलेले नाही, त्यामुळे वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांनीच सलोखा बिघडवला असेही म्हणता येते. शिवाय ‘मानले जाईल’ या दोन शब्दांनी चौकशीआधीच निष्कर्ष काढून टाकला आहे. बदली मजकूर असा देता येईल:

‘वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या कारणावरून एखाद्या व्यक्तीविरुद्ध अथवा व्यक्तींच्या गटाविरुद्ध भेदभाव, वैर किंवा हिंसा करण्यास इतरांना चिथावण्याच्या हेतूने केलेला, आणि त्या परिस्थितीत तसे घडण्याची वाजवी शक्यता असलेला, द्वेषाचा जाहीर पुरस्कार म्हणजे वांशिक द्वेषाची चिथावणी.’

हा मजकूर १९६६ च्या कराराच्या कलम २० (२) वर उभा आहे. ते कलम द्वेषाच्या पुरस्कारावर बंदी घालायला सांगते, पण तो भेदभाव, वैर किंवा हिंसेची चिथावणी ठरत असेल तेव्हाच. बदली मजकुरातला प्रत्येक शब्द सिद्ध करावा लागतो, म्हणून अधिकाऱ्यांना तो जड वाटतो. सिद्ध करावे लागणे हेच तर त्याचे काम आहे.

एखाद्या ठरावीक व्यक्तीच्या मागे लागून तिच्या वंशावरून वारंवार केलेला छळ ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी वेगळे कलम हवे आणि तिथे चिथावणीची अट लावू नये. दोन्ही एकाच कलमात कोंबले की एक तर छळ सुटतो, नाही तर मत पकडले जाते.

उंबरठा: तीन पायऱ्या आणि सहा प्रश्न

व्याख्या चांगली असली तरी ती लावणाऱ्याला कसोटी हवी. ती २०१२ च्या राबात कृती आराखड्यात मिळते. तज्ज्ञांनी मोरोक्कोतील राबात इथे ती मांडली आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाने ती प्रसिद्ध केली. हा आराखडा अभिव्यक्तीच्या तीन पायऱ्या करतो: गुन्हा ठरणारी, गुन्हा नसली तरी दिवाणी दाव्याला किंवा प्रशासकीय कारवाईला कारण ठरू शकणारी, आणि कारवाईला अपात्र, पण सभ्यता व सहिष्णुतेच्या दृष्टीने चिंताजनक. मसुद्यात या तीन पायऱ्या स्वतंत्र उपकलमांत आहेत का ते पाहा. बहुतेक मसुद्यांत तिसरी पायरीच नसते. मग सगळे तिखट बोलणे आपोआप दुसऱ्या पायरीवर ढकलले जाते. तिसऱ्या पायरीवर सरकारने काय करावे हेही लिहून घ्या: मंत्र्यांनी जाहीर निषेध करावा, शाळांनी शिकवावे, ज्यांच्यावर रोख होता त्या समाजाला आपली बाजू मांडायला व्यासपीठ द्यावे. शिक्षा मात्र नाही.

गुन्ह्याच्या पायरीसाठी राबात आराखडा सहा प्रश्न विचारतो: त्या वेळची सामाजिक-राजकीय परिस्थिती काय होती, बोलणाऱ्याचे स्थान आणि वजन किती, हेतू काय होता, मजकूर आणि त्याचे स्वरूप काय, म्हणजे किती थेट, कोणत्या शैलीत, तो किती लोकांपर्यंत गेला, आणि त्यातून प्रत्यक्ष हानी होण्याची शक्यता किती व किती लवकर. सहाही प्रश्नांची उत्तरे एकत्र पाहायची असतात. तपासणीच्या नमुन्यात सहा रकाने छापून घ्या आणि प्रत्येकात निदान दोन वाक्ये लिहिणे बंधनकारक करा. नुसती ‘होय/नाही’ची चौकट दिली तर कर्मचारी दोन मिनिटांत सहा खुणा करून मोकळा होतो.

प्रत्यक्ष वाक्यांवर लावून पाहू. ‘निर्वासितांचा वार्षिक कोटा निम्मा करा’ हे राजकीय मत आहे. ते कितीही बोचले तरी कारवाईच्या बाहेर. ‘हे लोक जन्मजात चोर आहेत, त्यांना घर भाड्याने देऊ नका’ यात माणसांच्या गटावर सरसकट आरोप आहे आणि भेदभाव करण्याचे उघड आवाहन आहे. घरमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष सभासदांना असे लिहीत असेल तर स्थान, पोहोच आणि शक्यता तिन्ही वाढतात, आणि प्रकरण दुसऱ्या किंवा पहिल्या पायरीवर जाते. ‘आज रात्री त्यांच्या वस्तीवर चालून जाऊ’ ही सरळ पहिली पायरी.

परदेशी सरकारांविषयीच्या वक्तव्यांवर सर्वांत जास्त घोळ होतो. ‘अमुक राज्यव्यवस्था वंशभेदी आहे, तिच्या मालावर बहिष्कार टाका’ हे राजकीय वक्तव्य आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ११ जून २०२० रोजी बाल्दासी विरुद्ध फ्रान्स या प्रकरणात इस्रायली मालावर बहिष्काराचे आवाहन करणाऱ्या कार्यकर्त्यांची शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवली. मात्र हेच आवाहन ‘इथे राहणाऱ्या त्या वंशाच्या दुकानदारांकडून काही घेऊ नका’ असे झाले, तर रोख राज्यव्यवस्थेवरून शेजाऱ्यावर आला. तो वंशभेद आहे. तपासणाऱ्याला एक वाक्य पाठ असू द्या: राज्याच्या कृतीबद्दल वंशामुळे माणसाला जबाबदार धरले जात आहे का? हे सूत्र कोणत्याही देशाला आणि कोणत्याही समाजाला सारखेच लागू होते. तसे ते लावले जात नसेल तर धोरण पक्षपाती आहे, हे हरकतीत लिहा.

उदाहरणांची यादी नियम बनते

व्याख्येखाली ‘उदाहरणार्थ’ म्हणून दिलेली यादी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तक्रार निवारण करणारा माणूस व्याख्या वाचत नाही, यादीशी पडताळतो. होलोकॉस्ट स्मरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २६ मे २०१६ रोजी ज्यूद्वेषाची कार्यव्याख्या स्वीकारली. ती कायद्याने बंधनकारक नाही असे तिच्यातच म्हटले आहे आणि सोबत ११ उदाहरणे आहेत. एखादे कृत्य ज्यूद्वेषी आहे का हे एकूण संदर्भ पाहून ठरवावे असेही तिथे आहे, आणि इतर देशांवर होते तशी इस्रायलवरची टीका ज्यूद्वेष मानता येत नाही असेही. तरीही संस्थांनी ती नियमावलीत घेतल्यावर वाद पेटला तो उदाहरणांवर, आणि मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनी विद्यापीठांतील भाषण नियंत्रित करण्यासाठी तिचा वापर करण्याला उघड विरोध केला. २०२१ मध्ये विद्वानांच्या एका गटाने जेरुसलेम जाहीरनामा काढला. त्यात ज्यूद्वेष कशाला म्हणायचे याच्या बरोबरीने कशाला म्हणायचे नाही हेही उदाहरणांसह दिले आहे. ज्यूद्वेष खरा आहे, जीवघेणा आहे, आणि म्हणूनच त्याच्या व्याख्येवर राजकीय भांडणाचे ओझे पडू नये.

मसुद्यात यादी ठेवायचीच असेल तर तीन मागण्या करा. प्रत्येक उदाहरणाशेजारी, त्याच्यासारखेच दिसणारे पण संरक्षित असे दुसरे उदाहरण द्यावे. ‘यादीत बसणे हा पुरावा नाही’ हे वाक्य यादीच्या वरच छापावे, तळटीपेत नाही. आणि एखाद्या समाजाविरुद्धच्या द्वेषाची उदाहरणे ठरवताना त्या समाजातील भिन्न राजकीय मतांच्या लोकांना विचारावे. एकाच प्रतिनिधी संस्थेचे मत म्हणजे साऱ्या समाजाचे मत धरू नये.

संरक्षक कलम कुठे आणि कसे

‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आदर राखला जाईल’ हे वाक्य प्रस्तावनेत असेल तर ते निर्णय देताना कुणी उघडून पाहत नाही. १९६५ च्या कराराने हा प्रश्न चांगला सोडवला आहे. चिथावणीवर बंदी घालणाऱ्या कलम ४ च्या आतच, कलम ५ मधल्या हक्कांची यथोचित जाण ठेवूनच पावले उचलावीत असे बांधून टाकले आहे, आणि कलम ५ मध्ये मत व अभिव्यक्तीचा हक्क येतो. तोच नमुना घ्या. बंदीच्या कलमालगत पुढचे उपकलम असे असावे:

‘शासन, राजकीय पक्ष, सार्वजनिक संस्था, परदेशी राज्य, कायदा, धोरण, विचारप्रणाली किंवा धर्ममत यांवरील टीका, शांततामय निदर्शने व बहिष्काराचे आवाहन, शैक्षणिक, कलात्मक व वृत्तविषयक काम, आणि वंशभेद होत असल्याचा जाहीर आरोप, या गोष्टी केवळ त्या तीव्र, धक्कादायक किंवा एकांगी आहेत एवढ्या कारणावरून या धोरणाचा भंग ठरणार नाहीत. त्या चिथावणीच्या व्याख्येत बसतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारवाई करू इच्छिणाऱ्या प्राधिकाऱ्याची राहील.’

शेवटचे वाक्य कुठल्याही वाटाघाटीत सोडू नका. ऑस्ट्रेलियाच्या १९७५ च्या वांशिक भेदभाव कायद्यात १९९५ मध्ये कलम १८सी आणि १८डी घातली गेली. १८डी कला, अभ्यास, वृत्तांकन आणि रास्त टीकेला सूट देते. पण ते बोलणे वाजवी होते आणि सद्भावनेने केलेले होते हे दाखवण्याचा भार बोलणाऱ्यावर येतो. १८सी मध्ये मने दुखावण्याइतका खालचा उंबरठा असल्यामुळे सगळा भरवसा या सुटीवर राहतो, आणि त्या देशात हा वाद वर्षानुवर्षे पेटता आहे.

‘केवळ’ हा शब्दही जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. राजकीय भाषेत गुंडाळून केलेली चिथावणी सुटू नये म्हणून तो हवा. बेल्जियममधल्या एका पक्षनेत्याने निवडणूक प्रचारात स्थलांतरितांविरुद्ध पत्रके वाटली. त्याबद्दल झालेली शिक्षा २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेरे खटल्यात ४ विरुद्ध ३ मतांनी योग्य ठरवली. दुसरीकडे, वंशद्वेषी तरुणांची मुलाखत दाखवणाऱ्या डॅनिश पत्रकाराची शिक्षा १९९४ मध्ये येरसिल्ड खटल्यात त्याच न्यायालयाने चूक ठरवली होती. द्वेष दाखवणे आणि द्वेष पसरवणे यांत फरक आहे, आणि वार्तांकनाला स्वतंत्र उल्लेखाने वाचवण्याचे कारण तेच.

तक्रारीची प्रक्रिया

शिक्षेपेक्षा जास्त नुकसान प्रक्रियेत होते. म्हणून तिचे टप्पे आणि मुदती मसुद्यातच हव्यात, ‘स्वतंत्र आदेशाने ठरवण्यात येतील’ असे सोडून देऊ नये.

सर्वांत आधी नोंद आणि निष्कर्ष वेगळे करा. लंडनमधील कृष्णवर्णीय तरुण स्टीफन लॉरेन्सच्या १९९३ मधील खुनाचा तपास पोलिसांनी कसा हाताळला, यावरच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने ‘पीडिताला किंवा इतर कुणालाही वंशभेदी वाटलेली घटना’ वंशभेदी घटना म्हणून नोंदवावी असे सांगितले. तक्रारच न घेण्याच्या पोलिसी सवयीवर तो नेमका उपाय होता. पण नोंदीची ती फूटपट्टी पुढे गुन्हा नसलेल्या बोलण्याच्या नोंदींनाही लागली, आणि २०२१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अशा नोंदींविषयीची मार्गदर्शिका, पुरेसे संरक्षण नसल्याने, अभिव्यक्तीवर अवाजवी घाला ठरवली. त्यामुळे मसुद्यात लिहून घ्या: तक्रारदाराला जे वाटले त्यावरून तक्रार नोंदवली जाईल, निष्कर्ष पुराव्यावरच निघेल, सिद्ध न झालेली नोंद त्या व्यक्तीच्या सेवापुस्तकात किंवा चारित्र्य पडताळणीत दिसणार नाही.

त्यानंतरची आम्ही सुचवतो ती रचना अशी. तक्रार आल्यापासून ५ कामकाजी दिवसांत प्राथमिक छाननी. यात दोनच गोष्टी पाहायच्या: आरोप खरा धरला तरी तो व्याख्येत बसतो का, आणि वक्तव्य संरक्षक कलमात येते का. बसत नसेल तर कारणांसह तक्रार बंद आणि तक्रारदाराला इतर मदतीची माहिती. पुढे न्यायची असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नेमके शब्द, तारीख, ठिकाण आणि कोणते उपकलम, हे लेखी कळवून उत्तरासाठी किमान १५ दिवस. वक्तव्याचा पूर्ण संदर्भ, म्हणजे संपूर्ण भाषण किंवा समाजमाध्यमावरचा संपूर्ण धागा, फाइलवर आलाच पाहिजे. कापलेल्या चित्रफितीवर आणि कुणीतरी केलेल्या भाषांतरावर उभ्या राहिलेल्या तक्रारी इथेच गळतात. भाषांतर असेल तर मूळ मजकूर जोडणे सक्तीचे करा. साठ दिवसांत लेखी, सकारण निर्णय. त्यावर वेगळ्या, खात्याबाहेरच्या प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील.

अंतरिम निलंबनावर खास लक्ष द्या. ‘चौकशीच्या काळात’ या दोन शब्दांच्या सवलतीत वर्ष निघून जाते. केवळ वक्तव्यावरून आलेल्या तक्रारीत निलंबन नको. एखाद्या व्यक्तीला प्रत्यक्ष धोका असल्याची लेखी कारणे असतील तरच, आणि तेही १४ दिवसांपुरते, मग फेरविचार. अनुदानाच्या बाबतीतही तसेच: अंतिम निर्णयाआधी हप्ता रोखू नये.

निर्णय घेणाऱ्या समितीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कायदा जाणणारी आणि वंशभेदाचा अनुभव असलेल्या समाजातून आलेली, अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्ती असाव्यात. ज्या खात्यावर टीका झाली त्याच खात्याचा अधिकारी नसावा. हे उघड वाटते, पण मसुद्यांत समितीचा अध्यक्ष म्हणून बहुतेक वेळा त्याच खात्याचा सचिव असतो.

दुसऱ्या टोकाची चूक

अभिव्यक्तीच्या बाजूने लिहिणारे लोक कधी कधी धोरणच नको म्हणतात. यात मोठे नुकसान आहे. नोकरभरती, घरभाडे, पोलीस झडती, दवाखान्यातली वागणूक, शाळाप्रवेश, वंशनिहाय आकडेवारी या बाबतीत वंशभेद थांबवायला कुणाचे मत दाबावे लागत नाही. मसुद्याचा हा भाग मोठा आणि महत्त्वाचा असतो. वक्तव्याच्या भांडणात तो बुडू देऊ नका. हरकतीत स्वच्छ लिहा की मसुद्यातील ही प्रकरणे आम्हाला मान्य आहेत, त्यांना निधी आणि मुदत द्या. वक्तव्याचे प्रकरण वेगळे काढून त्यावर स्वतंत्र चर्चा घेण्याची मागणी करता येते.

शिवाय सैल व्याख्येचा फटका ज्यांच्या रक्षणासाठी ती लिहिली त्यांनाच आधी बसतो. वंशभेदाचा आरोप करणाऱ्या अल्पसंख्याकावर ‘तूच बहुसंख्याकांविरुद्ध द्वेष पसरवतोस’ अशी उलट तक्रार होते, आणि तिला सरकारी यंत्रणा पटकन दाद देते. १९६५ च्या करारावरील समितीने २०१३ च्या ३५ व्या शिफारशीत म्हटले आहे की वंशद्वेषी वक्तव्यासाठी गुन्हेगारी शिक्षा गंभीर प्रकरणांपुरती राखून ठेवावी, आणि अशा बंदीचा वापर अन्यायाविरुद्धचा निषेध किंवा विरोध दाबण्यासाठी होऊ नये. वंशभेदविरोधी समितीच असे म्हणते, म्हणून हा दाखला सर्वांत वजनदार.

हरकती-सूचना लिहिताना

शेवटची तारीख पाहून त्याआधी किमान तीन दिवस पाठवण्याचे ठरवा. लांबी सहा पानांच्या आत ठेवा. पहिल्या अर्ध्या पानात तुम्ही कोण, धोरणाला पाठिंबा कशात आणि बदल कोणत्या कलमांत, एवढेच. त्यापुढे प्रत्येक हरकतीला चार ओळी: कलम क्रमांक आणि मूळ शब्द, अडचण काय, कोणाचे, कसे नुकसान होईल याचे एक ठोस उदाहरण, बदली मजकूर. बदली मजकूर नसलेली हरकत ‘नोंद घेतली’ या शेऱ्याखाली जाते, कारण ती घेऊन पुढे काय करायचे हे छाननी करणाऱ्याला कळत नाही.

एकाच नमुन्याची शेकडो पत्रे अनेक ठिकाणी एकच सूचना म्हणून धरली जातात. त्यापेक्षा दहा संस्थांनी आपापल्या कामातले वेगळे उदाहरण घालून लिहावे: वाचनालयाने वाचनालयाचे, कामगार संघटनेने कारखान्याचे, विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचे. राजकीयदृष्ट्या परस्परविरोधी संघटनांनी संरक्षक कलमापुरते एक संयुक्त निवेदन दिले तर त्याचा फार उपयोग होतो, कारण त्यावर पक्षपाताचा शिक्का मारता येत नाही.

आढाव्याचे कलमही मागा: धोरण लागू झाल्यापासून दोन वर्षांत स्वतंत्र आढावा, आणि दरवर्षी आकडे जाहीर. किती तक्रारी आल्या, त्यांतल्या वक्तव्यावरून किती आणि भेदभावाच्या कृतीवरून किती, छाननीत किती बंद झाल्या, सरासरी किती दिवस लागले, अपिलात किती निर्णय उलटले. वक्तव्याच्या तक्रारी वाढत असतील आणि घरभाडे-नोकरीच्या तक्रारी तशाच पडून असतील, तर यंत्रणेचे मनुष्यबळ चुकीच्या टेबलावर बसले आहे हे आकड्यांतून दिसते.

निवेदन पाठवल्यावर पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. मुदत संपली की तोवर आलेल्या सर्व हरकतींचे संकलन आणि त्या प्रत्येकीवर घेतलेला निर्णय, याची प्रत माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली मागवा. अंतिम धोरण हाती येताच आधी बनवलेला एकपानी तक्ता पुन्हा काढा आणि करारांचे नवे नमुनेही त्यात भरा. अंतिम मसुद्यात सुधारलेला शब्द अनुदानाच्या अटींत जुन्याच रूपात राहिलेला तिथेच सापडतो.